सीसीटीव्हीच्या पैशातून समुपदेशक: जिल्ह्याचा निधी वळवून घेण्याची रीत, कोकणापुरती

पोलिसांचा पगार ना ग्रामपंचायत देते, ना नगरपरिषद. पोलीस हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीत आहे. पगार, भत्ते, इंधन हा सगळा खर्च गृह विभागाच्या मागणीतून, २०५५ या प्रधान लेखाशीर्षाखाली विधिमंडळ मंजूर करतं. म्हणून 'पोलिसांचं बजेट कमी करून लोकसेवांना द्या' असं निवेदन घेऊन सरपंचांकडे किंवा मुख्याधिकाऱ्यांकडे गेलात, तर ते ऐकून घेतील, चहा विचारतील आणि कागद फाईलला लागेल. त्यांच्या हातात नसलेली गोष्ट आपण मागितलेली असते.

पण जिल्ह्यात, तालुक्यात, गावात पोलिसांसाठी खर्च होणारा आणखी एक पैसा असतो आणि तो स्थानिक सहीने हलतो. जिल्हा वार्षिक योजनेतून (जिल्ह्यातल्या कामांसाठी राज्याकडून दरवर्षी येणाऱ्या निधीतून) पोलीस दलाला मिळणारी वाहनं, सीसीटीव्हीचे टप्पे, चौक्यांची बांधकामं; आमदार निधीतून बसणारे कॅमेरे; नगरपरिषदेच्या फंडातून चौकाचौकात लागणारे खांब. मागणी करायची ती या पैशाबद्दल. तीसुद्धा 'सगळं बंद करा' अशी नको. एक काम, एक रक्कम, एक पर्याय, एवढंच मागा.

सही कोणाची, ते आधी पाहा

जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात आणि सदस्य सचिव जिल्हाधिकारी. कागद तयार होतात ते जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांच्या कार्यालयात. म्हणजे अलिबाग, रत्नागिरी आणि ओरोस ही तीन टेबलं, तुमच्या जिल्ह्याप्रमाणे. नगरपरिषद किंवा नगरपंचायतीत (चिपळूण, मालवण, दापोली, कणकवली, कुठेही) मुख्याधिकारी अंदाजपत्रक मांडतात आणि सर्वसाधारण सभा मंजूर करते. जिल्हा परिषदेचा स्वतःचा सेस फंड (स्वउत्पन्नाचा पैसा) असतो, त्याचा प्रशासकीय प्रमुख मुख्य कार्यकारी अधिकारी. गावात ग्रामसभा, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आपले ग्रामसेवक. निवडून आलेलं सभागृह नसेल आणि प्रशासक बसलेला असेल, तर सभेचे अधिकार त्याच्याकडे असतात. निवेदन त्याच्याच नावाने लिहा.

नियोजन समितीची बैठक लोकांसाठी खुली नसते. तिथे तुमचा विषय कोणीतरी उचलावा लागतो: तालुक्याचा आमदार, समितीवरचा सदस्य किंवा स्वतः जिल्हाधिकारी. बैठकीच्या आदल्या दिवशी दिलेलं निवेदन बैठकीत पोचत नाही, कारण विषयपत्रिका आणि टिपण आधीच छापून झालेलं असतं.

तारखा चुकल्या की वर्ष गेलं

पुढच्या आर्थिक वर्षाचा जिल्ह्याचा प्रारूप आराखडा साधारण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बनतो. जानेवारी-फेब्रुवारीत राज्यस्तरावर बैठक होऊन जिल्ह्याच्या निधीची मर्यादा ठरते, मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प. म्हणजे तुमचा प्रस्ताव दिवाळीच्या सुमारास जिल्हा नियोजन कार्यालयात हवा. नगरपरिषदांची अंदाजपत्रकं जानेवारी-फेब्रुवारीत होतात. त्यांच्याकडे डिसेंबरमध्येच जा.

ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास होतात. कोकणात १ मेच्या ग्रामसभेला गर्दी चांगली असते, चाकरमानी आलेले असतात. पण तोवर त्या वर्षाचा आराखडा होऊन गेलेला असतो. शिवाय ग्रामसभेचा सदस्य तोच, ज्याचं नाव गावाच्या मतदारयादीत आहे. मुंबईच्या यादीत नाव असलेल्यांचे हात गणपूर्तीत (सभेला लागणाऱ्या किमान उपस्थितीत) धरले जात नाहीत आणि नंतर कोणी हरकत घेतली तर ठराव अडचणीत येतो. म्हणून ठराव १५ ऑगस्टला घ्या, आणि २ ऑक्टोबरपासून सुरू होणाऱ्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात तो बसवून घ्या. मधल्या गणपतीत वाडीवाडीत बोलणं होतंच, तेव्हा चाकरमान्यांकडून आमदारांना फोन करून घ्या. ते काम त्यांना मतदारयादीशिवाय करता येतं.

आणखी एक खिडकी असते, ती फार थोड्या लोकांना माहीत असते. डिसेंबर-जानेवारीत ज्या खात्यांचे पैसे खर्च होणार नाहीत ती खाती बचत कळवतात आणि तो पैसा दुसऱ्या कामांकडे वळवला जातो. याला पुनर्विनियोजन म्हणतात. ३१ मार्चला अखर्चित निधी परत जाण्याची भीती असल्यामुळे त्या दिवसांत तयार, मंजुरीयोग्य प्रस्ताव ज्याच्या हातात असेल त्याला पैसा मिळतो.

माहिती काढणे

मोघम तक्रारीला मोघम उत्तर मिळतं, म्हणून आकडे आधी हातात हवेत. माहिती अधिकार अधिनियम २००५ खाली अर्ज करा. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. उत्तराची मुदत ३० दिवस. तीन कार्यालयांना तीन वेगळे अर्ज करा, एकात कोंबू नका.

पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याला विचारा: गेल्या दोन वर्षांत तुमच्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत ११२ या आपत्कालीन क्रमांकावर आलेल्या कॉलची घटनेच्या प्रकारानुसार आणि महिन्यानुसार संख्या. नावं, पत्ते, गुन्ह्यांचा तपशील मागू नका; त्यावर नकार येतो आणि त्या नकारात बाकीची माहितीही अडकते. कौटुंबिक वाद, दारूच्या नशेतला गोंधळ, मनोरुग्ण, हरवलेली वृद्ध माणसं यांचा एकूण कॉलमधला वाटा किती, एवढंच आपल्याला हवंय.

जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांना विचारा: गेल्या तीन आर्थिक वर्षांत जिल्हा वार्षिक योजनेतून पोलीस विभागाला दिलेल्या निधीची कामनिहाय यादी, प्रत्येक कामाच्या प्रशासकीय मान्यतेच्या (काम आणि त्याचा खर्च मंजूर करणाऱ्या) आदेशाची प्रत आणि झालेला खर्च.

तिसरा अर्ज ज्याने कॅमेरे बसवले त्याला, म्हणजे नगरपरिषद, ग्रामपंचायत किंवा पोलीस. किती कॅमेरे बसवले, कोणत्या तारखेला, खर्च किती, वार्षिक देखभालीचा करार आहे का, त्याची मुदत कधीपर्यंत, आणि अर्जाच्या तारखेला चालू किती. या शेवटच्या प्रश्नावर भर द्या. किनाऱ्यालगत खारी हवा जोडण्या आणि खांबांचे नटबोल्ट वर्ष-दोन वर्षांत खाते, पावसाळ्यात वीज पडून स्विच आणि रेकॉर्डर जळतात, देखभालीचा करार संपलेला असतो. नवा टप्पा मंजूर होतो तेव्हा जुना टप्पा किती जिवंत आहे हे कोणी विचारत नाही. तो आकडा तुमच्या निवेदनातला सर्वांत वजनदार आकडा ठरू शकतो.

'का' असा प्रश्न माहिती अधिकारात विचारू नका. कारणं देणं बंधनकारक नाही, कागद देणं आहे. मुदतीत उत्तर आलं नाही तर २० रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील करा. ग्रामपंचायतीचा खर्च पाहायला अर्जही लागत नाही, ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर गावाचं नाव निवडलं की आराखडा आणि देयकं दिसतात.

काय मागायचं

ज्या कामाला पोलीस हा शेवटचा उपाय असायला हवा पण आज पहिला आणि एकमेव आहे, ते निवडा. कोकणात अशी तीन-चार कामं ठळक आहेत.

मानसिक आजार. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम १०० प्रमाणे, रस्त्यावर भटकणाऱ्या किंवा स्वतःला-इतरांना धोका असलेल्या मनोरुग्णाला पोलिसांनी संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं असतं. त्याला कोठडीत ठेवता येत नाही. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. सावंतवाडी-दोडामार्गकडून एका रुग्णाला रत्नागिरीला पोचवायचं तर गाडी, चालक आणि दोन शिपाई यांचा अख्खा दिवस मोडतो, आणि त्या दिवशी ठाण्यातली तेवढी माणसं कमी. उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातून ठरलेल्या दिवशी मनोविकारतज्ज्ञ बसला, तालुक्याला एक प्रशिक्षित समुपदेशक असला आणि १४४१६ ही टेलिमानसची मदतवाहिनी प्रत्येक आशाताईच्या मोबाईलमध्ये असली, तर यातल्या बऱ्याच फेऱ्या वाचतील. हा मुद्दा ठाणेदाराला सांगावाच लागत नाही, तो त्याने भोगलेला असतो.

घरातली मारहाण. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ खाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, पण त्यांच्याकडे तालुकाभर फिरायला गाडी असतेच असं नाही. बाईला रात्री कुठे ठेवायचं हाही प्रश्न असतोच. १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबईत पोलिसांच्याच आवारात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. त्या पद्धतीत समाजकार्यकर्ती पोलिसांच्या आवारात बसते, पण पोलीस नसते. अधिकाऱ्यांना हे उदाहरण द्या, कारण ते परदेशातलं नाही आणि सरकारने स्वीकारलेलं आहे.

समुद्रकिनारे. सुट्टीच्या दिवशी पर्यटक खोल पाण्यात जाऊ नयेत म्हणून हवालदाराला वाळूत उभं करतात. त्याला पोहता येतं की नाही हे कोणी विचारत नाही. तिथे जीवरक्षक हवा. चार जीवरक्षक, महिना १५,००० रुपये मानधन, ऑक्टोबर ते मे असे आठ महिने धरले तर ४,८०,००० रुपये. त्यावर बचाव नळ्या, दोर, शिट्ट्या, लाल-पिवळे झेंडे, भोंगा आणि एक उंच मचाण. बहुतेक प्रस्ताव मेअखेरीस संपतात ही मोठी चूक. जून लागला, समुद्र खवळला, तरी पर्यटक येतच राहतात. जूनचे शनिवार-रविवार आणि गणेश विसर्जनाचे दिवस प्रस्तावात स्वतंत्र लिहा.

एकटे राहणारे म्हातारे आईबाप, शाळा सुटलेली आणि दारू-गांजाकडे वळणारी मुलं, हेही विषय आहेत. पण एका वर्षी एकच मागा.

आवर्ती खर्चाचा खड्डा

सगळ्यात जास्त प्रस्ताव इथे पडतात. जिल्हा वार्षिक योजना, आमदार निधी हे मुख्यतः बांधकाम आणि खरेदीसाठी असतात. त्यातून 'समुपदेशकाचा पगार द्या' म्हटलं की 'आवर्ती खर्च अनुज्ञेय नाही', म्हणजे दरवर्षी पुन्हा येणारा खर्च इथे चालत नाही, असा शेरा मारून कागद परत येतो. १५व्या वित्त आयोगाच्या अबंधित (ठराविक कामाला न बांधलेल्या) निधीतूनही पगार आणि आस्थापना खर्चाला मनाई होती.

तोड अशी: प्रस्तावाचे दोन तुकडे करा. खोली दुरुस्ती, फर्निचर, संगणक, दूरध्वनी, वाहन, बचाव साहित्य हे जिल्हा योजनेतून मागा. सीसीटीव्हीऐवजी वळवायचं ते हेच. जिल्हा वार्षिक योजनेतला ३ टक्के निधी महिला व बालविकासासाठी राखून ठेवण्याचा शासनाचा निर्णय आहे, त्याचा उल्लेख करा. मानधन मात्र स्वउत्पन्नातून मागा: ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले महिला व बालकल्याणासाठीचे १० टक्के, जिल्हा परिषद सेसमधले तेवढेच, नगरपरिषदेतले ५ टक्के. हा पैसा अनेकदा शिलाई मशीन वाटपात जातो किंवा वर्षानुवर्षं अखर्चित पडून राहतो. जीवरक्षकांचं मानधन वाहनतळ शुल्क किंवा यात्रेकरू करातून भागवता येतं, गावाने तो कर लावलेला असेल तर.

दोन समुपदेशकांचा वर्षाचा हिशेब असा मांडा: मानधन महिना २०,००० प्रमाणे ४,८०,०००, प्रवास प्रत्येकी महिना २,५०० प्रमाणे ६०,०००, फोन आणि लेखनसामग्री महिना ३,००० प्रमाणे ३६,०००. एकूण ५,७६,०००. दर तुमच्या जिल्ह्यात चालू असलेल्या कंत्राटी मानधनाशी जुळवून घ्या, नाहीतर लेखा विभाग पहिल्याच फेरीत आक्षेप काढतो.

घेणारं खातं तयार करा

आपल्या चळवळीतली माणसं देणाऱ्या खात्याशी भांडण्यात सगळी ताकद घालवतात. पैसा एका कार्यान्वयीन यंत्रणेकडून (काम प्रत्यक्ष करणाऱ्या खात्याकडून) दुसरीकडे जातो तेव्हा घेणाऱ्या यंत्रणेचा स्वतःचा प्रस्ताव, अंदाजपत्रक आणि जागेचा दाखला टेबलावर असावा लागतो. तो नसेल तर पालकमंत्र्यांनी मान डोलावूनही पैसा पोलिसांकडेच राहतो, कारण जायला जागा नसते. म्हणून जिल्हा महिला व बालविकास अधिकारी, जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा परिषदेचा महिला व बालकल्याण विभाग किंवा मुख्याधिकारी यांच्यापैकी एकाला धरा आणि त्यांच्या लेटरहेडवर प्रस्ताव जाईल हे पाहा. अधिकारी नाही म्हणत नाहीत, त्यांना मसुदा करायला वेळ नसतो. मसुदा, तक्ता, खोलीचे फोटो, ग्रामपंचायतीचं जागेबद्दलचं संमतीपत्र तुम्हीच तयार करून न्या.

त्याचबरोबर ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला भेटा. मागणी पोलिसांविरुद्ध नाही, त्यांच्या गळ्यात पडलेलं दुसऱ्याचं काम काढून घेण्यासाठी आहे, हे मनापासून सांगा. खरंही तेच आहे. लेखी पाठिंबा ते वरिष्ठांच्या परवानगीशिवाय देणार नाहीत, पण जिल्हाधिकाऱ्यांनी पोलीस अधीक्षकांचा अभिप्राय मागवला की तो ठाण्यावरूनच वर जातो. पोलीस पाटलांना आणि तंटामुक्त समितीच्या अध्यक्षांनाही आधी विश्वासात घ्या. त्यांना वगळलंत तर ग्रामसभेत पहिली हरकत त्यांचीच येईल.

ठराव

ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल तेवढी. विषय आधीच लेखी देऊन पोच घ्या, म्हणजे तो विषयपत्रिकेवर येतो. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली तर पुढच्या सभेला गणपूर्ती लागत नाही, पण तिथे नवा विषय घुसवता येत नाही. आधी होणाऱ्या महिला सभेत हाच ठराव करून घेतलात तर मुख्य सभेत तो सहसा कोणी पाडत नाही. मजकूर साधारण असा:

'मौजे ____ येथे जिल्हा वार्षिक योजनेतून प्रस्तावित सीसीटीव्ही टप्पा २ या कामाऐवजी, पूर्वी बसवलेल्या ____ कॅमेऱ्यांपैकी बंद असलेले ____ कॅमेरे प्रथम दुरुस्त करावेत आणि उर्वरित रु. ____ इतक्या निधीतून ग्रामपंचायत इमारतीतील खोली क्र. ____ येथे समुपदेशन कक्ष उभारण्यास जिल्हा महिला व बालविकास अधिकारी यांना निधी उपलब्ध करून द्यावा, अशी शिफारस ही ग्रामसभा मा. जिल्हाधिकारी तथा सदस्य सचिव, जिल्हा नियोजन समिती यांच्याकडे करीत आहे. समुपदेशकांच्या मानधनापैकी रु. ____ ग्रामपंचायत महिला व बालकल्याण निधीतून देण्यास ही सभा मान्यता देत आहे. सूचक ____, अनुमोदक ____. ठराव सर्वानुमते मंजूर.'

शेवटचं मानधनाचं वाक्य गाळू नका. गाव स्वतःच्या खिशातून काही घालतंय हे दिसलं की प्रस्तावाकडे बघण्याची नजर बदलते. इतिवृत्त लिहून होईपर्यंत थांबा. 'नंतर लिहितो' म्हटलेल्या ठरावातून रकमा गळतात. सही-शिक्क्याची नक्कल त्याच आठवड्यात घ्या.

निवेदन एका पानाचं. विषय, तीन आकडे, मागणी, ठरावाची प्रत. प्रत्येक कार्यालयाच्या टपाल शाखेत देऊन आवक क्रमांक घ्या. लोकशाही दिनाला नेऊ नका. तिथे वैयक्तिक स्वरूपाची गाऱ्हाणी घेतात, असा धोरणाचा विषय पहिल्याच छाननीत बाद होतो.

कोणते आक्षेप येतील

पहिला आणि सगळ्यात कठीण: सागरी सुरक्षा. १९९३ मध्ये श्रीवर्धनजवळ शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटकं उतरली, २००८ मध्ये हल्लेखोर समुद्रातून मुंबईत आले, ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला शस्त्रांसह बेवारस बोट सापडली. बैठकीत यातलं एखादं उदाहरण येणारच, आणि ते योग्यही आहे. म्हणून गस्ती नौका, सागरी पोलीस ठाणी, सागर रक्षक दल यांच्या पैशाला हात लावायचा नाही, आणि तसं निवेदनाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहायचं. बाजारपेठेतला कॅमेरा आणि किनाऱ्याची सुरक्षा या वेगळ्या गोष्टी आहेत हे एकदा मान्य झालं की चर्चा पुढे सरकते.

दुसरा: 'निविदा निघाली आहे.' कार्यारंभ आदेश (ठेकेदाराला काम सुरू करायला सांगणारा) निघाला असेल तर त्या वर्षी सोडून द्या, पुढच्या टप्प्याकडे वळा. नुसती प्रशासकीय मान्यता असेल तर बदल अजून शक्य असतो. तिसरा: 'समुपदेशक मिळत नाहीत.' हे कोकणात बरंच खरं आहे. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालेली मुलंमुली मुंबई-पुण्याला जातात. म्हणून पात्रतेत समाजकार्याबरोबर मानसशास्त्राची पदवीही धरा, आणि स्थानिक उमेदवाराला प्राधान्य देण्याची अट आधीच घाला. अकरा महिन्यांच्या करारात मानधन वेळेवर गेलं नाही तर माणूस चौथ्या महिन्यात निघून जातो, तेव्हा मानधन दरमहा कोणत्या तारखेला, कोणाच्या सहीने निघणार तेही लिहून घ्या.

मंजूर झाल्यावर

बैठकीत 'मान्य' झालं म्हणजे झालं असं नाही. इतिवृत्त पुढच्या बैठकीत कायम होतं, पैसा निघतो तो प्रशासकीय मान्यतेच्या आदेशाने. त्या आदेशाची प्रत मिळवा आणि तीन गोष्टी तपासा: कार्यान्वयीन यंत्रणा म्हणून कोणाचं नाव आहे, कामाच्या नावात 'समुपदेशन कक्ष' हे शब्द आहेत की नुसतं 'इमारत दुरुस्ती', आणि रक्कम. नुसती 'इमारत दुरुस्ती' असेल तर त्या पैशातून फरशी बसते आणि कक्षाचा पत्ता नसतो. दुरुस्तीपत्रक लगेच मागा, देयक निघाल्यावर ते होत नाही. मग कक्षातल्या नोंदवहीतून दर तीन महिन्यांनी किती जणांनी मदत घेतली, त्यातली किती प्रकरणं ठाण्यात न जाता मिटली, किती ठाण्याकडे पाठवावी लागली, हे नावांशिवाय मोजून जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांना आणि ठाण्याला एकाच वेळी पाठवा. पुढच्या दिवाळीत दुसऱ्या तालुक्यासाठी हाच प्रस्ताव जाईल, तेव्हा त्याला जोडायचा कागद तो.